व्हॅन गॉगला बी ग्रेड

बाईंना विचारा : वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात मी सहज शेवटी लिहिलं होतं की शाळेतल्या चित्रकलेबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा, आणि पत्रंच पत्रं आली बघा. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही. पहिल्या पत्राला जास्त जागा गेलीय, कारण त्याच विषयाची अजून चार-पाच पत्रं होती.

प्रश्न : बाई नमस्कार. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो, मुलगी दुसरीत आहे, शाळेचं नाव लिहीत नाही. यावर्षी शाळेनं दर महिन्याला एक जगप्रसिद्ध चित्रकार असं चालू केलंय. मागच्या महिन्यात व्हॅन गॉग होता, त्याचं ते रात्रीच्या आकाशाचं चित्र काढायचं होतं, टीचरनी फळ्यावर एकेक स्टेप काढून दाखवली आणि सगळ्यांनी तसंच काढलं. आमच्या बाईसाहेबांनी डावीकडच्या काळ्या झाडाच्या जागी बिल्डिंगमागची पाण्याची टाकी काढली, खाली गावाच्या जागी आयर्विन पूल आणि भरलेली नदी, आणि आकाश निम्मं हिरवं. बी ग्रेड आली, खाली शेरा, ‘मूळ चित्रासारखे नाही, सराव हवा’. आता ती वहीच उघडत नाही, म्हणते मला चित्र येतच नाही. शाळेत जाऊन बोलू का गप्प बसू? आणि एवढ्या लहान पोरांना असली मोठमोठी चित्रं काढायला लावणं बरोबर तरी आहे का?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, आधी त्या चित्राचीच गंमत सांगते, शाळेचं नंतर बघू. व्हॅन गॉगनं हे ‘द स्टारी नाइट’ नावाचं चित्र काढलं जून १८८९ मध्ये, फ्रान्समधल्या सँ-रेमी गावच्या मनोरुग्णालयात, तिथं तो स्वतःहून भरती झाला होता. वरच्या मजल्यावर खोली, खिडकीला गज, त्या खिडकीतून पहाटे सूर्य उगवायच्या आधी त्याला शुक्राची चांदणी दिसली आणि ती काही डोक्यातून जाईना. पण चित्र काढलं खालच्या मजल्यावरच्या स्टुडिओत, भर दिवसा. आणि ते गाव आहे ना, ज्याच्या जागी तुमच्या लेकीनं आयर्विन पूल घातला, ते गाव त्या खिडकीतून दिसतच नव्हतं! ते त्यानं आपल्या मनानं तिथं आणून ठेवलं. चर्चचा तो उंच टोकदार कळस तर फ्रान्सपेक्षा हॉलंडमधल्या, म्हणजे त्याच्या माहेरच्या चर्चसारखा दिसतो असं बरेच जाणकार म्हणतात. चंद्रकोरसुद्धा मनचीच, कारण त्या दिवसांत आकाशात चंद्र कोरीएवढा नव्हता, चांगला फुगलेला होता.

म्हणजे आकाश खिडकीतलं आणि गाव आपलं, असं त्यानं केलं. तुमच्या पोरीनं दुसरं काय केलं मग? तिची खिडकी विश्रामबागेतली, तिथं टाकी दिसते, टाकी आली. आणि सांगलीच्या पोराला आयर्विन पूल शिकवावा लागत नाही, जुलै-ऑगस्टात घरात दुसरं बोलणंच नसतं, आयर्विनला पाणी किती फुटावर आलं, चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे ऐकतच ती मोठी होतीये. त्या वर्गात व्हॅन गॉगसारखं वागलेलं एकच पोरगं निघालं आणि त्यालाच बी मिळाली, म्हणून म्हणते गंमत आहे.

अजून एक. हे चित्र त्याला स्वतःलासुद्धा जमलंय असं वाटलं नव्हतं. चांदण्या फार मोठ्या काढायला गेलो आणि परत एकदा फसलो अशा अर्थाचं त्यानं त्याच वर्षी एका चित्रकार मित्राला लिहिलंय. त्याच्या हातात ग्रेड द्यायची असती तर त्यानंही बीच दिली असती, कदाचित सी. हे लेकीला जरूर सांगा, पोरांना असलं ऐकायला फार आवडतं.

आता, नक्कल करणं वाईट का? अजिबात नाही, आणि हे मी मुद्दाम सांगते, कारण हल्ली दुसरं टोकही बघायला मिळतं, पोरांना काहीच दाखवायचं नाही, त्यांची प्रतिभा म्हणे बिघडते. व्हॅन गॉगनं स्वतः ढिगानं नकला केल्यात. १८८७ साली त्यानं हिरोशिगे ह्या जपानी चित्रकाराची पावसातल्या पुलाची छापील चित्रकृती तैलरंगात उतरवली. पुढं हॉस्पिटलात असताना मिले नावाच्या फ्रेंच चित्रकाराची वीसेक चित्रं केली, पेरणी, कापणी, दुपारची विश्रांती, सगळी शेतकऱ्यांची. पण त्याच्याजवळ मिलेची नुसती काळीपांढरी छापील चित्रं होती, रंग सगळे ह्यानं आपले घातले.

तर घोटाळा नकलेत नाही ताई, घोटाळा त्या फळ्यावर आहे. वर्गातल्या एकाही पोरानं व्हॅन गॉगचं चित्र नीट बघितलेलं नसणार. त्यांनी बघितलं ते टीचरनी खडूनं काढलेलं, स्टेप एक डोंगर, स्टेप दोन झाड, स्टेप तीन गोल गोल वारं. मग सगळ्यांनी मिळून टीचरचीच नक्कल केली आणि नाव लागलं व्हॅन गॉगचं. भिंतीवर एका रांगेत लावली की पालक म्हणणार वा वा काय सुंदर, फोटो काढणार, आणि कुठलं कुणाचं ते नाव वाचल्याशिवाय आईलाही कळणार नाही.

हे मी बाहेरून बोलत नाही बरं का. मीही हेच केलंय आणि एकदा नाही. नोकरी लागल्यावर तिसऱ्याच वर्षी गॅदरिंगच्या प्रदर्शनासाठी तिसरीच्या अख्ख्या वर्गाकडनं सूर्यफुलं करून घेतली होती, कापून ठेवलेल्या पाकळ्या मीच वाटल्या, फुलदाणी मीच आखून दिली, एका पोरानं पाकळ्या फुलदाणीच्या आत चिकटवल्या तर मी उचकटून बाहेर लावल्या. का रे आत लावल्यास असं विचारायचंही सुचलं नाही. आता इतक्या वर्षांनी वाटतं, विचारायला हवं होतं, काय माहीत, झडलेली असतील. खरंच, व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांत निम्मी फुलं वाळलेली, पाकळ्या झडलेलीच आहेत, मी त्या वेळी चित्राकडं धड बघितलंच नव्हतं.

म्हणून शाळेत जा, पण भांडायला नको. पालकसभेत सगळ्यांसमोर तर नकोच. त्या टीचरना पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास असतो, त्यात वर्गात चाळीसेक पोरं, कुणाचा पाण्याचा डबा सांडतो, कुणाचा शर्ट रंगतो, वरून महिनाअखेर प्रदर्शन हवं. स्टेप बाय स्टेप हे त्यातून निघालेलं आहे, वाईट मनातून नाही. एकट्या गाठून एवढंच म्हणा की पुढच्या वेळी त्या चित्रकाराच्या चित्राचा मोठा रंगीत प्रिंट मी काढून आणून देते, वर्गात लावाल का? आणि पोरीला टाकी का काढलीस ते एकदा विचाराल का? बहुतेक जणी खूश होतात हो, कुणी प्रिंट आणून देतंय म्हणल्यावर.

घरी मात्र एक करा. मूळ चित्र टीव्हीवर मोठं लावा, मोबाईलवर नको, आणि तिला विचारा ह्यात वारं कुठं कुठं आहे, बोटानं दाखव. ब्रशचे फटकारे कसे वळलेत ते तिला आपोआप दिसेल. मग ‘तुझ्या चित्रात वारं कुठून येतंय, नदीवरनं का?’ झालं, एवढंच. टीचरला काही कळत नाही असं तिच्यासमोर म्हणू नका. हिरव्या आकाशाचं मनावर घेऊ नका. सात वर्षांचं पोर रंग आवडीनं निवडतं, खरंखोटं बघून नाही, ते वय अजून यायचंय. साधारण नऊ-दहाव्या वर्षी पोरं आपणहून म्हणायला लागतात की माझं हुबेहूब येत नाही, आणि तेव्हा बरीचशी चित्रकला सोडतात. तुमच्या पोरीवर शेऱ्यामुळं ती वेळ दोन-तीन वर्षं आधी आली, मला काळजी ग्रेडची नाही, ह्याची वाटते.

आणि हो, ते चित्र मला बघायला पाठवाल का, टाकी बघायची आहे.

प्रश्न : मॅडम, मी पाटण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, दोनशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी मिळून पटसंख्या कमी. कार्यानुभव आणि चित्रकला मीच घेतो पण मला स्वतःला चित्रकला येत नाही. मोठ्या चित्रकारांची ओळख मुलांना करून द्यावी असं मनात आहे, बजेट नाही. रंगसुद्धा निम्म्या मुलांकडे नसतात. काय करता येईल? कृपया वारली सोडून सांगा, वारली दरवर्षी होते.
– एक शिक्षक, जि. सातारा

उत्तर : सर, तुम्हाला चित्रकला येत नाही ही फार चांगली गोष्ट आहे, म्हणजे तुम्ही फळ्यावर काढून दाखवणार नाही.

तुमच्याकडं बेंदराला कुंभाराकडनं मातीचे बैल आणतात ना? तिथनं सुरू करा. पिकासोनं १९४५च्या डिसेंबरपासून १९४६च्या जानेवारीपर्यंत एकाच बैलाची अकरा चित्रं छापली, दगडावर काढून छापायची पद्धत असते त्यातली. पहिला बैल चांगला अंगानं भरलेला, केसाळ, पुढं आणखी दणकट होतो, मग एकेक गोष्ट कमी होत जाते आणि अकराव्या चित्रात उरतात मोजक्या पाच-पंधरा रेघा, तरी बैल तो बैलच. ह्या अकरा चित्रांचा एका कागदावर झेरॉक्स मिळतो, काळापांढराच असतो, रंगाचा खर्च नाही. तो भिंतीला लावायचा, पोरांना पहिल्यापासून शेवटाकडं बघायला लावायचं, काय काय गेलं ते शोधा म्हणायचं. मग त्यांचा मातीचा बैल मधी ठेवून पाटीवर काढायला सांगायचं, पाटीवर, कारण पुसता येतं. पूर्ण बैल काढा, आता एक गोष्ट पुसा, तरी बैल राहिला पाहिजे. अजून एक पुसा. शिंगं पुसली की म्हैस होते का गाढव, ह्यावर वर्गात मारामारी होईल, होऊ द्या. शेतकऱ्याची पोरं आहेत, बैलाचं वशिंड पुसायचं नाही हे त्यांना आपल्यापेक्षा लवकर कळेल. मला तर वाटतं पिकासोपेक्षा चांगलं कळेल, कारण त्याचा बैल झुंजीचा, स्पेनचा, त्याला आपल्या खिलारीसारखं वशिंड नाही, हेही पोरांच्या लक्षात येतं का बघा, मी सांगितलं म्हणून सांगू नका.

ह्याच पिकासोनं १९४२ साली सायकलची सीट आणि हँडल एकमेकाला जोडून बैलाचं डोकं केलं होतं. सीट म्हणजे तोंड, हँडल म्हणजे शिंगं. गावातल्या पंक्चरवाल्याकडं मोडकी सायकल असतेच, जोडायचं राहू दे, नुसतं भिंतीवर धरून दाखवा, पोरं आठवडाभर घरातल्या प्रत्येक वस्तूत जनावर शोधत फिरतील. विळी, सूप, टॉर्च, काय वाट्टेल ते.

दुसरा आंरी मातीस, हा फ्रेंच चित्रकार. म्हातारपणी, १९४१ साली मोठं ऑपरेशन झालं त्याचं, त्यानंतर उभं राहून रंगवणं जमेना, बराचसा वेळ खाटेवर नाहीतर चाकाच्या खुर्चीत. मग त्याचे मदतनीस कागद रंगवून द्यायचे आणि तो थेट कात्रीनं आकार कापायचा, आधी पेन्सिलीनं आखणं नाही. १९५३चं त्याचं ‘गोगलगाय’ म्हणून चित्र आहे, ऐंशी ओलांडलेला माणूस आणि चित्र जवळजवळ तीन मीटर उंच, तेवढंच रुंद. त्यात नुसते रंगीत कागदाचे मोठमोठे तुकडे गोल वळत गेलेत. पावसाळ्यात पाटणला गोगलगायी काय कमी आहेत, सोयाबीन खातात म्हणून सगळे वैतागलेले असतात, एक उचलून आणा, पाट्यावर ठेवा, शंख कसा फिरत जातो ते बघू द्या पोरांना आणि मग कागद. घोटीव कागद विकत आणायची गरज नाही, जुन्या लग्नपत्रिका, कॅलेंडरं, साबणाची वेष्टनं चालतात. कात्र्या पुरणार नाहीत तर हातानं फाडू द्या, चिकटवायला घरची गव्हाच्या पिठाची खळ. एकच नियम पाळा, पेन्सिल हातात घ्यायची नाही. पेन्सिल आली की पोरं आधी आखतात, मग खोडतात, मग सगळा तास खोडण्यात जातो. आणि एकट्यानं नाही, चौथीच्या पोरांनी पहिलीच्यांना घेऊन शाळेच्या व्हरांड्यात जमिनीवर मोठ्ठी एकच करायची.

तिसरं, वर व्हॅन गॉग आणि मिलेचं लिहिलंय ते तुम्हाला उपयोगी पडेल. दुपारी गंजीच्या सावलीत शेतकरी-शेतकरीण आडवी झालीयत असं मिलेचं चित्र आहे, व्हॅन गॉगनं ते पिवळ्याधमक आणि निळ्या रंगात केलं. फक्त काळापांढरा झेरॉक्स लावा. पोरांना तो झेरॉक्स रंगवायला देऊ नका, तसं केलं की ते दुकानातलं रंगवायचं पुस्तक झालं. तुमच्या शेतात दुपारी जेवण झाल्यावर कोण कुठं झोपतं, ते काढा म्हणायचं. ट्रॉलीखाली झोपणारा आजा येईल, झाडाला बांधलेली झोळी येईल. रंग नसतील तर कोळसा, हळद, पालेभाजीचा रस, गेरू. हळद उन्हात फिकी पडते एवढं ध्यानात ठेवा.

ठिपक्यांचं चित्र करायला सांगतात बघा सगळीकडं, सरा नावाच्या चित्रकाराच्या पद्धतीचं, ते मी पहिली-दुसरीला देणार नाही. त्याला स्वतःला त्या नदीकाठच्या रविवारच्या चित्राला १८८४ ते १८८६, दोन वर्षं लागली. पोरं दहा मिनिटं ठिपके देतात, मग ठोकायला लागतात, शेवटी कागदाला भोक. त्याऐवजी पेपरातला रंगीत फोटो आणि शाळेच्या विज्ञान पेटीतलं भिंग द्या. फोटो म्हणजे नुसते ठिपके आहेत, निळसर, गुलाबीसर, पिवळे आणि काळे, हिरवी शाई वापरलेलीच नसते तरी झाड हिरवं दिसतं, हे त्यांना दिसलं की सराचं जे काय म्हणणं होतं ते अर्धं समजलं.

वारली नको म्हणालात ते पटलं, तरी एक सांगू द्या. दरवर्षी होते ती बहुतेक कंपाउंड वॉलवरची वारली असते. ती मुळात पालघरकडच्या वारली लोकांची, लग्नाचा चौक घरातल्या बायका तांदळाच्या पिठानं भिंतीवर लिहितात, लिहितात असंच म्हणतात. पुढं जिव्या सोमा मशे ह्यांनी ती चौकाच्या बाहेर कागदावर आणली, रोजचं जगणं त्यात आणलं, २०११ ला पद्मश्री मिळाली त्यांना. पोरांना तारपा नाच काढायला लावण्यापेक्षा, दोन त्रिकोणांचं माणूस घेऊन तुमच्या गावची यात्रा काढा म्हणलं तर?

प्रश्न : बाई, मी सातारकर, वय ७१. नातू पहिलीत आहे. शाळेतून आला की मोंद्रियान, कांडिन्स्की अशी नावं सांगतो, त्याच्या आजीला वाटलं औषधं आहेत. मला विचारायचंय की आपल्याकडे चित्रकार नव्हते का? मुलांना परदेशीच का शिकवायचे?
– एक आजोबा, सातारा

उत्तर : काका, काकूंना नमस्कार सांगा, मीही हसले.

तुमचं अर्धं पटतं. शाळा ती यादी इंटरनेटवरनं जशीच्या तशी उचलतात, म्हणून तीच सहा-सात नावं फिरत राहतात. कांडिन्स्कीची ती चौकोनातली वर्तुळं तर बालवाडीपासून सगळीकडं, आणि मजा म्हणजे १९१३ साली त्यानं ते चित्र म्हणून केलंच नव्हतं, कुठला रंग कुठल्या रंगाशेजारी कसा दिसतो ते बघायला जलरंगात केलेला छोटासा सराव होता तो. पण काका, परदेशी नको हे मात्र नाही पटत. नातवाला कांडिन्स्की आवडत असेल तर त्याला सय्यद हैदर रझा दाखवा, मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातले, जन्म १९२२ चा. लहानपणी त्यांचं अभ्यासात लक्ष लागेना तर शाळेतल्या मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि म्हणाले बस ह्याच्याकडं बघत. पुढं पॅरिसला कितीतरी वर्षं राहिले आणि आयुष्याच्या उत्तरार्धात तोच काळा बिंदू त्यांच्या चित्रांत मधोमध येऊन बसला. दोघांचीही वर्तुळं शेजारी ठेवून विचारा नातवाला, कुठलं फिरतंय आणि कुठलं थांबलंय?

आणि चित्रकार एम. एफ. हुसेन तर आपल्या शेजारचेच, पंढरपूरचा जन्म, १९१५ सालचा. मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवून पोट भरलं आधी. त्यांचे घोडे नातवाला दाखवा आणि आषाढीच्या आधी माउलींची पालखी आपल्या जिल्ह्यातनं जाते तेव्हा तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं ते बघायला न्या. घोडा अंगावरनं गेल्यासारखा जातो हो तिथं. घरी आल्यावर कागद पुढं ठेवायचा, काही बोलायचं नाही.

पण मला तुम्हाला खरं सांगायचंय ते औंधचं. गेलाय का कधी, यमाईला नव्हे, म्युझियमला? साताऱ्याहून पन्नास किलोमीटरच्या आत आहे आणि सातारकरांतले निम्मे लोक देवीचं दर्शन घेऊन खालच्या खाली परत येतात. श्री भवानी वस्तुसंग्रहालय, औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांनी १९३८ साली यमाईच्या डोंगराच्या उतारावर उभं केलं, आपला स्वतःचा संग्रह सगळ्यांना बघता यावा म्हणून. सूर्यनमस्कारवाले पंत म्हणून आपण ओळखतो, पण माणूस चित्रकार होता, रामायणाची चित्रं स्वतः काढून छापलेली आहेत त्यांनी. तिथं राजा रविवर्मा आहे, धुरंधर आहेत, कोल्हापूरचे आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर आहेत. आणि त्याच छपराखाली हेन्री मूरचं आई आणि बाळाचं दगडी शिल्प आहे, म्हणजे इंग्लंडचा विसाव्या शतकातला सगळ्यात नावाजलेला शिल्पकार, ज्याचं काम बघायला लोक लंडनला जातात तो आपल्या खटाव तालुक्यात. पंतांना परदेशी-देशी असा प्रश्न पडला नव्हता बघा, चांगलं दिसलं ते आणलं.

नातवाला न्या, फक्त सगळं म्युझियम दाखवू नका. सहा वर्षांच्या पोराचे पाय अर्ध्या तासात दुखतात आणि मग वेफर्स हवे असतात. तीनच गोष्टी ठरवून जा, एक रविवर्मा, एक पंतांचं, एक मूरचं. मूरच्या शिल्पापुढं त्याला विचारा, आई कुठं संपते आणि बाळ कुठं सुरू होतं? उत्तर बरोबर-चूक काही नाही, मी एका पोरीकडनं ऐकलंय, ‘संपतच नाही’. वही-पेन्सिल आत न्यायला चालते का आणि सुट्टीचा वार कुठला ते आधी फोन करून विचारा, उगाच हेलपाटा नको. रविवर्म्याचं उतरवून काढायला लावू नका मात्र, साडीच्या निऱ्या बघूनच पोर रडेल, नुसतं त्या बाईनं दागिने कुठले घातलेत ते मोजायला सांगा आणि मग काकूंचे दागिने घालून काकूंचं चित्र काढू दे घरी.

प्रश्न : शाळेत व्हॅन गॉगनं कान कापला हे सांगितलं, पाच वर्षांचा मुलगा रात्री दचकून उठतो. काय सांगू?
– एक आई, मिरज

उत्तर : खोटं सांगू नका, पण सगळंही नको. तो आजारी होता, मनाचा आजार होता, तेव्हा त्यानं स्वतःला लागवून घेतलं आणि मग त्याला हॉस्पिटलात नेलं, बास. १८८८च्या डिसेंबरातली गोष्ट आहे. त्याऐवजी भावाची गोष्ट सांगा. थिओ म्हणून धाकटा भाऊ होता, तो पैसे आणि रंग पाठवायचा आणि हा त्याला पत्रं लिहायचा, सहाशेच्या वर पत्रं आहेत, पत्रात मधीच छोटी चित्रं काढायचा, आज हे बघितलं, आज हा पलंग रंगवला. तुमचा मुलगा मामाला असं एक पत्र लिहू शकेल, लिहिता येत नसेल तर नुसती चित्रं. आणि शाळेला कळवा, बालवाडीत कान कशाला काढला म्हणावं.

प्रश्न : मुलगा तिसरीत. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेचा क्लास आत्तापासून लावला तर पुढं दहावीला मार्क मिळायला सोपं जाईल का?
– एक वडील, कराड

उत्तर : नाही. एलिमेंटरी, इंटरमिजिएट पुढं हायस्कूलला आल्यावर बघा, तेव्हा वस्तुचित्र, स्मरणचित्र सगळं वर्षा-दीड वर्षात येतं. तिसरीतल्या पोराला छायाप्रकाशात मडकं काढायला बसवलं तर मडकं येईल, पोरगं चित्रकलेतनं जाईल. क्लासच्या फीमध्ये चांगले तैलखडू आणि कार्ट्रिज पेपरची एक मोठी गड्डी येते, ती घ्या आणि मोजू नका.

प्रश्न : मुलीनं हॉलच्या भिंतीवर तैलखडूनं मोठं सूर्यफूल काढलंय, शाळेत शिकवलं म्हणे. कसं घालवू?
– एक आई, इस्लामपूर

उत्तर : भिंतीला ऑइल पेंट असेल तर कापसाला थोडं खोबरेल घेऊन पुसा, मग भांड्याच्या साबणाच्या पाण्यानं. कोपऱ्यात आधी करून बघा. डिस्टेंपर असेल तर तेल अजिबात लावू नका, फूल जाईल आणि त्याहून मोठा डाग पडेल. तसं असेल तर दिवाळीच्या रंगकामापर्यंत राहू द्या, आणि आत्ता आधी फोटो काढून ठेवा, पाकळ्या झडलेल्या आहेत का तेवढं मला कळवा.